फर्निचरचे काम शिकताना : मुलाच्या हाती करार हवा

मुळशी तालुक्यातील नेरे हे गाव हिंजवडीपासून फार दूर नाही. हिंजवडी, मारुंजी या परिसरात गेल्या पंचवीस वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील घराघराला कपाटे, पलंग, स्वयंपाकघरातील मांडणी हवी असते. हे काम करणाऱ्यांत राजस्थान व उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांचा भरणा मोठा आहे. आपल्या गावचा मुलगा या धंद्यात शिरतो तो बहुधा हरकाम्या म्हणून. प्लायवूडचे तक्ते जिन्यावरून चढवावेत, भुसा झाडावा, मिस्त्रीला चहा आणून द्यावा, यातच वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि रंध्याला हात लागत नाही. अशा मुलाला शिकवण्याची जबाबदारी कोणाची आहे आणि ती कोठे लिहिली आहे, हा प्रश्न पालकांनी प्रथम विचारावयास हवा.

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे. बलुतेदारीत सुताराचा मुलगा बापाजवळ बसूनच वाकस धरावयास शिके. गुरू हाच पिता असल्याने कागदाची गरज नव्हती. आजचा ठेकेदार मात्र पिता नाही. त्याला काम वेळेत उरकावयाचे असते, आणि शिकवण्यात वेळ जातो.

इटलीतील तुरिन शहरात एकोणिसाव्या शतकात हेच घडत होते. खेड्यांतून आलेली मुले कारखानदारांकडे राबत, मार खात आणि काही न शिकताच बाहेर पडत. संत जॉन बॉस्को यांनी यावर जो उपाय केला, तो प्रवचनाचा नव्हता, कागदाचा होता. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्यांच्या मध्यस्थीने एक फर्निचर कारागीर व एक मुलगा यांच्यात मुद्रांकित कागदावर दोन वर्षांचा करार झाला. मालकाने कला शिकवावी, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, चुकल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये, सणाच्या दिवशी मुलाला मोकळे सोडावे, अशी कलमे त्यात होती. मुलानेही आज्ञाधारक राहून मन लावून काम करावे, असे बंधन होते. आपल्या शाळांतून डॉन बॉस्कोंच्या तसबिरी आपण पाहतो, परंतु या कराराची आठवण सहसा कोणी करीत नाही.

भारतात शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ साली संमत झाला. सुतारकाम त्याच्या कक्षेत येते. त्यानुसार किमान वय चौदा वर्षे, तर धोकादायक उद्योगांत अठरा वर्षे आहे. उमेदवार अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक राहिले. त्याच वर्षी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले. हे दर बदलत असतात, म्हणून करार करताना चालू दर पाहून घ्यावा. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत शासन विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, उचलते. कामावर इजा झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची असते. एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी : उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे, आणि मुदत संपल्यावर कामावर ठेवण्याची हमी कायदा देत नाही.

शिकावयाचे तरी काय? पुष्कळांना वाटते की खिळा ठोकता आला की झाले. प्लायवूडचा नेहमीचा तक्ता आठ फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे सुमारे २,४४० बाय १,२२० मिलिमीटर असतो. रुंदीचे दोन समान भाग करावयाचे तर कागदावर प्रत्येकी ६१० येतात. प्रत्यक्षात करवतीचे पाते सुमारे तीन मिलिमीटर लाकूड खाते आणि हाती ६०८.५ उरतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या कपाटाचे दार बसत नाही. एका तक्त्यातून कोणते भाग कोणत्या क्रमाने कापावेत, हे कापण्याआधी कागदावर मांडता येणे ही या धंद्यातील खरी कमाई होय.

त्यानंतर येतो सांधा. एका लाकडात पटाशीने चौकोनी खाच घ्यावयाची आणि दुसऱ्याचे टोक तासून त्यात घट्ट बसवावयाचे. सागवानाचे लाकूड पावसाळ्यात किंचित फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि तेही रेषांच्या आडव्या दिशेने अधिक. म्हणून जुने कारागीर दाराची फळी चौकटीत मोकळी ठेवीत. पूर्वी सरस तापवून लावावा लागे. १९५९ साली फेविकॉल आला आणि ते काम सोपे झाले. सांधा मात्र अजूनही हातानेच शिकावा लागतो, आणि चांगला मिस्त्री उमेदवाराचे पहिले दहा-वीस सांधे फेकून देण्यास तयार असतो.

यंत्राची करवत आवरणाशिवाय चालवू नये, हे तर पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. भुशाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले आहे. साधा रुमाल पुरत नाही, धूळरोधक मुखपट्टी द्यावयास हवी.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आठवी उत्तीर्णांसाठी आहे. आपल्या भागातील कोणत्या संस्थेत तो चालू आहे याची चौकशी प्रवेशाच्या आधी करावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देते, परंतु ती आधीपासून हा धंदा करणाऱ्या अठरा वर्षांवरील कारागिरांसाठी आहे.

मिस्त्रीजवळ दोनच माणसे असतील तर त्याची कार्यशाळा कायद्याच्या नोंदणीत बसत नाही. तेव्हा मिस्त्री व पालक यांनी साध्या कागदावर लिहून घ्यावे : मुदत किती, कोणत्या महिन्यापासून मुलगा स्वतः करवत चालवील, महिन्याला किती रुपये, सुटी कोणत्या दिवशी, इजा झाल्यास दवाखान्याचा खर्च कोणाचा. खाली दोघांच्या सह्या, शक्यतो गावातील एका जाणत्याची साक्ष, आणि एक प्रत मुलाजवळ.