पहिल्या पानाची बैठक

‘अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’ने ३१ डिसेंबर २०२५ रोजी शेवटचा छापील अंक काढला आणि कागदाच्या मरणाची चर्चा पुन्हा रंगली. १८६८ पासूनची परंपरा असलेल्या दैनिकाबद्दल हळहळ वाटणं साहजिकच. पण वाचकाच्या हाती काय पडणार हे कचेरीतली माणसं ठरवतात, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चंच बघा. मे २०१४ मध्ये तिथला डिजिटल कामकाजाबद्दलचा एक अंतर्गत अहवाल फुटला. पुढे प्रकाशक झालेले आर्थर ग्रेग सल्झबर्गर तो तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते. वेबसाइट होती, पैसे भरून वाचण्याची पद्धत २०११ पासून सुरू होती, तरी दोन वर्षांत होमपेजवर येणारे वाचक निम्म्यावर आले होते. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा तो ज्याच्या आयुष्यावर बेतला आहे त्या सॉलोमन नॉर्थअपबद्दलची ‘टाइम्स’ची स्वतःची १८५३ सालची बातमी ‘गॉकर’ या वेबसाइटने उचलली आणि भरघोस वाचक मिळवले. घरातला ठेवा शेजाऱ्याने विकला! कारण सगळी कचेरी पहिल्या पानाच्या बैठकीभोवती फिरत होती. बातमी तिथे लागली तर वार्ताहराची पत; वेबसाइटचं काम दुय्यम.

फेब्रुवारी २०१५ मध्ये संपादक डीन बॅके यांनी त्या बैठकीलाच हात घातला. विभागप्रमुखांनी पहिल्या पानासाठी भांडायचं नाही, डिजिटलसाठी दिवसाच्या सर्वोत्तम बातम्या मांडायच्या. छापील पान त्यातून नंतर लागेल. माझ्या मते खरं परिवर्तन हेच. यंत्रं विकत मिळतात. मान कशाला मिळतो, ते मात्र संपादकालाच बदलावं लागतं.

मग याच ‘टाइम्स’ने मोठी चूक केली. २०१७ मध्ये बातम्या तपासणाऱ्या शंभराहून अधिक कॉपी एडिटरांच्या जागा साधारण निम्म्यावर आणायचं ठरलं. २९ जूनला कर्मचारी काम सोडून रस्त्यावर उतरले. काहींच्या फलकांवर मुद्दाम चुकीचं स्पेलिंग होतं. वाचकांच्या वतीने प्रश्न विचारणारं पब्लिक एडिटरचं पदही त्याच वर्षी गेलं. मराठी वाचकाला हे दुःख नवं नाही. आपल्याकडे डीटीपी आलं आणि मुद्रितशोधक हळूहळू नाहीसे झाले; ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि नावांच्या चुका रोज सकाळी आपणच सोसतो.

बर्लिनच्या ‘टात्स’ने जास्त शहाणपण दाखवलं. हे दैनिक सहकारी संस्थेचं, वीस हजारांहून अधिक सभासद त्याचे मालक. छापील दैनिकाचं युग संपत आलंय, असं व्यवस्थापक कार्ल-हाइन्झ रूख यांनी २०१८ मध्येच उघड सांगितलं होतं. सोमवार ते शुक्रवारचा शेवटचा छापील अंक निघाला १७ ऑक्टोबर २०२५ रोजी. आठवडाअखेरचा अजूनही छापला जातो. मधली सात वर्षं कर्मचारी आणि वाचक दोघांनाही तयारीसाठी मिळाली.

मराठी दैनिकांच्या चालकांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी संध्याकाळच्या बैठकीत आधी कशावर बोलायचं ते बदला. उपसंपादकाला त्याचं नवं काम आणि ते सुरू होण्याची तारीख वेळेवर सांगा. आणि काहीही झालं तरी, बातमी तपासणाऱ्या माणसाची जागा कापू नका.