लहान संगणकाची वीजपेटी



घरांतील मेजावरचा संगणक आतां इतका लहान झाला आहे कीं, पुस्तकांच्या फळीवरहि तो सहज मावतो. त्याला वीज पुरविणारी जी पेटी, तिला बाजारांत 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतींतील २३० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टांचे एकाच दिशेचे प्रवाह पुरविते. संगणकाच्या इतर भागांची चौकशी आपण बारकाईनें करतों; हिची मात्र क्वचितच. वास्तविक ही बिघडली तर पुष्कळदां एकटी जात नाहीं, इतर भागांनाहि बरोबर घेऊन जाते.

प्रथम माप पाहावें. नेहमीची एटीएक्स पेटी १५० मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर उंच असते. लहान कॅबिनेटांतली एसएफएक्स पेटी सामान्यतः १२५ मिलिमीटर रुंद, ६३.५ उंच व १०० मिलिमीटर खोल असते. एसएफएक्स-एल ही ३० मिलिमीटरांनीं अधिक खोल. पेटी जेमतेम बसली म्हणजे भागलें असें नव्हे; तिच्यांतून निघणाऱ्या तारांना वळावयास जागा हवी.

दुसरी गोष्ट शक्तीची. समजा, प्रोसेसरला कमाल ९० वॅट, ग्राफिक्स कार्डाला ११५ व बाकीच्या भागांना ५० वॅट लागतात. बेरीज २५५ झाली. परंतु कार्ड क्षणभर याहून बरीच अधिक वीज ओढतें. म्हणून ४५० वॅटांची पेटी घेणें शहाणपणाचें. पेटीवरील '८० प्लस' ही खूण कार्यक्षमता दाखविते. संगणकाला २०० वॅट हवे असून कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतींतून २५० वॅट घेतले जातात व मधले ५० वॅट नुसती उष्णता होतात. लहान डब्यांत ती साठून राहते. मात्र ही खूण सुरक्षिततेची हमी नव्हे. अधिक दाब, अधिक भार व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे कीं नाहीं, तें माहितीपत्रकांत वेगळें पाहावें.

आतां बसविण्याचें. बटण बंद करून थ्री-पिन बाहेर काढावी. भागांना हात लावण्यापूर्वीं कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. पंख्याची बाजू कॅबिनेटच्या जाळीकडे ठेवावी.

सर्वांत मोठा धोका जुन्या तारांचा आहे. कांहीं पेट्यांच्या तारा सुट्या असतात. त्यांचें पेटीकडील टोक नव्या पेटींत अगदीं नीट बसतें, पण आंतील जोडणी निराळी असूं शकते. एकाच कारखान्याच्या दोन पेट्यांतहि ती भिन्न असूं शकते. ५ व्होल्टांच्या जागीं १२ व्होल्ट गेले, तर मुलांच्या लहानपणापासूनचीं छायाचित्रें साठविलेली डिस्क क्षणांत जळून जाईल. म्हणून नव्या पेटीबरोबर नव्याच तारा वापराव्या. तसेंच प्रोसेसरचा व ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा जोड दिसावयास सारखा, पण त्यांतील क्रम उलटा असतो. जोड जाईना तर जोर लावूं नये.

शेवटीं दोन पथ्यें. सॉकेटला अर्थिंग असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. आणि पेटी स्वतः कधींहि उघडूं नये. वीज काढल्यावरहि तिच्यांतील कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाब कांहीं काळ राहूं शकतो. पेटी बदलतां येते, गेलेला जीव नाहीं.