सैनिकाचे म्हातारपण आणि त्याची बायको

सैनिकाच्या शौर्यावर आपण पुष्कळ लिहिले, बोललो. त्याच्या म्हातारपणावर मात्र आपल्या चळवळीने फारसा विचार केलेला नाही. आणि ते म्हातारपण जिच्या अंगावर पडते त्या बाईचा तर मुळीच नाही.

लष्करात शिरण्यासाठी आपल्या समाजाला झगडावे लागले. १८९२ साली महारांची भरती बंद झाली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली तिच्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात पलटण उभारली गेली, १९२१ मध्ये ती मोडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या घरांना जमीन नव्हती त्या घरांत निवृत्तिवेतन हीच एकमेव इस्टेट ठरली. पण जवानाला ते मिळण्यासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. दुसरे महायुद्ध संपताच घरी पाठवलेल्यांच्या हाती ते आले नाही.

मी पामला राहतो. बोईसर-तारापूर पट्ट्यातील माजी सैनिकांच्या घरी अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने माझे जाणे होते. १९७१ चे युद्ध पाहिलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. कुणाला पक्षाघात, कुणाला विस्मरण. त्याला उठवणे, न्हाऊ घालणे, कूस बदलणे, रात्री जागणे हे सारे त्याची बायको करते. तिचेही वय झालेले असते, गुडघे गेलेले असतात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याची खेप वाचली, हे खरे. पण अंथरुणावरच्या माणसाला कुणाच्या भरवशावर टाकून तिने पालघर तरी गाठावे?

सरकारला या कामाची किंमत कळत नाही असे नाही. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकाला, वैद्यकीय मंडळाने शिफारस केल्यास, कायम मदतनीस भत्ता मिळतो. म्हणजे सेवाशुश्रूषा हे श्रम आहेत हे तत्त्व मान्य आहे. परंतु ते अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले असावे लागते. वयाने आलेले परावलंबन त्यात बसत नाही. २००३ पासूनच्या माजी सैनिक आरोग्य योजनेत औषध मिळते. औषध पाजणाऱ्या हाताची नोंद तिथेही नाही. आणि नवरा गेल्यावर तिला मिळणारे साधारण कुटुंबनिवृत्तिवेतन म्हणजे त्याच्या अखेरच्या वेतनाचे तीस टक्के.

तेवढ्यासाठीही तिचे नाव कागदावर बरोबर असावे लागते. आपल्या घरांत ही अडचण अधिक. लग्नात नाव बदलले, पुढे कुणी जुने आडनाव टाकले. सेवापुस्तकात एक नाव, आधारकार्डावर दुसरे. एका कार्यालयाने अशाच एका विधवेचा मी लिहिलेला अर्ज तीनदा परत पाठवला. निवृत्तिवेतनाच्या नव्या संगणकी व्यवस्थेचे नाव ‘स्पर्श’ आहे. दरवर्षी हयातीचा पुरावा द्यावा लागतो, आणि आयुष्यभर राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. स्पर्शासाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला त्यांना या नावातला विरोधाभास समजावून सांगायला नको.

बाईने नवऱ्याची सेवा करावी हा धर्म, असे म्हणून हा प्रश्न मिटवला जातो. जन्माने नेमून दिलेले काम फुकट करून घेणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको. गावकीची कामे आपण ज्या कारणासाठी नाकारली, तेच कारण इथे लागू आहे. फरक इतकाच की इथे ती माया करते, आणि तिच्या मायेचा फायदा घेतला जातो.

म्हणून कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी दोन कामे हाती घ्यावीत. सैनिक हयात असतानाच पत्नीच्या नावाची, जन्मतारखेची नोंद तपासून दुरुस्त करून घ्यावी. तो गेल्यावर तेच काम फार अवघड होते. आणि वार्धक्याने परावलंबी झालेल्या सैनिकांनाही मदतनीस भत्ता लागू करावा, तो सेवा करणाऱ्या पत्नीच्या खात्यावर जमा व्हावा, अशी मागणी संघटितपणे मांडावी. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभासमोर आपण ताठ उभे राहतो. त्या अभिमानात या बाईचा वाटा आहे, आणि तो हक्क म्हणून तिच्या हाती पडला पाहिजे.