आरशावर चिकटवलेला ब्रूस ली

टीव्हीवर कुंगफूचा जुना, डब केलेला सिनेमा लागला, की आपण बायका 'काय मेली ती हाणामारी' म्हणून उठून जातो. मैत्रिणींनो, एकदा दहा मिनिटं बसून पाहाच! मुद्दाम काढलेल्या विनोदी सिनेमात येत नाही एवढं हसू येतं. ओठ मिटले तरी संवाद चालूच. ठोसा नाकापासून वीतभर लांब, आणि आवाज मात्र ओली चादर धुण्याच्या दगडावर आपटल्यासारखा!

त्याला कारणही आहे. १९७०च्या दशकात हाँगकाँगमध्ये बहुतेक सिनेमांचं चित्रीकरण आवाजाशिवायच होई. संवाद, ठोसे, किंकाळ्या सगळं नंतर स्टुडिओत भरायचं. वेळ कमी, पैसा त्याहून कमी. पुढे १९८०च्या दशकात गॉडफ्रे हो नावाच्या दिग्दर्शकाने तर चक्क गोधड्या शिवल्या. दुसऱ्याच कुणाचा सिनेमा घ्यायचा, मधेमधे निन्जांच्या मारामारीचे तुकडे जोडायचे, की झाला नवा सिनेमा! आता निन्जा म्हणजे जपानी गुप्तहेर. पण याचे निन्जा भडक रंगाचे कपडे घालून, कपाळावरच्या पट्टीवर 'निन्जा' असं लिहून रानात लपतात. चोराने गळ्यात पाटी अडकवून घरफोडीला निघावं, तसं.

पण खरी धमाल झाली ती ब्रूस लीच्या नावावर. २० जुलै १९७३ला तो गेला, अवघ्या ३२व्या वर्षी. प्रेक्षकांना तर तोच हवा होता. मग त्याच्यासारखे दिसणारे उभे केले. कुणी ब्रूस ले, कुणी ड्रॅगन ली. एकाच्या नावात तर इंग्रजी स्पेलिंगचाच काय तो फरक, मराठीत लिहिलं तर तोही ब्रूस लीच! १९७७च्या एका सिनेमात ब्रूस ली मेल्यावर पाताळात जातो आणि तिथे त्याला कोण भेटावं? ड्रॅक्युला, जेम्स बाँड आणि पालक खाणारा पॉपॉय!

त्याचा स्वतःचा 'गेम ऑफ डेथ' अर्धवट राहिला होता. तो १९७८मध्ये तोतये घेऊन पुरा केला. कधी मोठा काळा चष्मा, कधी खोटी दाढी, कधी नुसती पाठ. एका प्रसंगात तर आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचा पुठ्ठाच चिकटवलाय, आणि तोतया त्यासमोर गुपचूप बसलाय. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं हो.

गोष्ट एका नटाची आहे. चित्रीकरण चालू असताना त्याला खरी गोळी लागते आणि तो मेल्याचं सोंग घेतो. म्हणजे अंत्ययात्रा दाखवणं आलं. निर्मात्यांनी काय करावं? ब्रूस लीच्या खऱ्या अंत्यविधीचंच चित्रण वापरलं. ती गर्दी खरी, ते रडणं खरं, उघड्या शवपेटीतला चेहराही त्याचाच. मागे बायको लिंडा, आठ वर्षांचा ब्रँडन, चार वर्षांची शॅनन. त्या माउलीने ते पडद्यावर कसं पाहिलं असेल? आणि दैव बघा, पुढे १९९३मध्ये हाच ब्रँडन सिनेमाच्या चित्रीकरणात बंदुकीची गोळी लागून २८व्या वर्षी गेला.

पैसे वाचवायला काय वाटेल ते करा, आम्ही हसून घेऊ. पण पुठ्ठ्याचा चेहरा चालवून घेतला ना आम्ही? मग पुठ्ठ्याची शवपेटीही चालली असती.