झाडूपासून नकाशापर्यंत : मुठेकाठची बारा वर्षं

२०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुणे महापालिकेला एक आदेश दिला. विठ्ठलवाडीकडून वारज्याकडे जाणारा रस्ता मुठेच्या पात्रात भराव घालून केला जात होता. निळ्या पूररेषेच्या आतला हा भराव काढा, असं न्यायाधिकरणाने सांगितलं. अर्जदारांमध्ये वास्तुविशारद सारंग यादवाडकर होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल, हे तोवर पाटबंधारे खात्यातली माणसं आणि थोडे वास्तुविशारद सोडले तर फारसं कुणाला माहीत नव्हतं. आज सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या बैठकीत निवृत्त शिक्षिकाही या दोन रेषांवरून अधिकाऱ्यांशी वाद घालतात. पुण्याच्या नदीचळवळीने २०१३ नंतरच्या बारा वर्षांत काय कमावलं, असं कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी हे सांगेन.

नदीवरचं काम त्याच्या पुष्कळ आधीपासून चालू होतं. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि त्याच सुमारास मुळा-मुठेवरच्या पक्ष्यांच्या नोंदी घेतल्या. त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. मैलापाणी वाढलं की काही पक्षी कमी होतात, काही मात्र भरमसाट वाढतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे गाळातल्या किड्यांवर पोसतात. बंडगार्डनला त्यांचा थवा बघून ‘नदीवर पक्षी परत आले’ म्हणणाऱ्यांना गोळ्यांचा हा अभ्यास वाचायला द्यावा. एकोणिसाव्या शतकात कर्नल साईक्सने दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवून ठेवले होते. त्या यादीतले कितीतरी मासे शहराच्या हद्दीत आता शोधूनही सापडत नाहीत, आणि शेकाटे मात्र मजेत आहेत.

२०१४ च्या सुमारास ‘जीवितनदी’ हा गट उभा राहिला. त्यांनी निवडलेली पद्धत मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. अख्खी नदी साफ करण्याची भाषा त्यांनी केली नाही. एक काठ निवडायचा, तो दत्तक घ्यायचा आणि दर आठवड्याला तिथेच जायचं. मुठेवर विठ्ठलवाडी आणि औंधजवळ राम नदी मुळेला मिळते तो राम-मुळा संगम ही त्यांची ठळक ठिकाणं. एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली की नदी कळायला लागते. उन्हाळ्यात धरणातून थेंब सुटत नसताना खडकाच्या फटीतून स्वच्छ पाणी झिरपताना दिसतं, म्हणजे इथे जिवंत झरा आहे. वाळुंजाचं झाड कुठे तग धरून आहे, करंजाची मुळं काठ कुठे धरून ठेवतात, पाणकणीस कुठे दाटलंय, कुठल्या नाल्याला सकाळी सातनंतर फेस येतो, हे सगळं पाठ होतं. ही माहिती कुठल्याही प्रकल्प अहवालात नव्हती. पुढे तीच कामाला आली.

विठ्ठलवाडीच्या काठावर ज्यांनी हातमोजे घालून काम केलंय त्यांना एक अनुभव हमखास येतो. चिखलातून कापडाचं टोक वर आलेलं दिसतं. ओढलं की हातभर येतं आणि अडतं. ती नायलॉनची साडी असते, दोन-तीन पुरांच्या गाळाखाली दबलेली, झाडाच्या मुळांत गुंतलेली. मग विळ्याने मुळं न दुखावता ती कापत जायचं. तिच्या घड्यांत दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, शांपूच्या पुड्या. झाडाखाली देवांच्या तसबिरी टेकवून ठेवलेल्या, काचा फुटलेल्या. घरात ठेवायच्या नाहीत आणि कचऱ्यात टाकायला मन धजत नाही, म्हणून नदी. श्रद्धेची ही अडचण समजून घेतल्याशिवाय नदीकाठी कुणाशी बोलता येत नाही. ‘टाकू नका’ म्हणणारे पुष्कळ होते. ‘त्याऐवजी काय करा’ हे सांगणारे थोडे होते, आणि लोकांनी ऐकलं ते त्यांचं.

गणेश विसर्जनात हे सगळ्यात चांगलं साधलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मूर्तिदानाची मोहीम चालवली तेव्हा कार्यकर्त्यांना घाटावर शिव्या खाव्या लागल्या. नंतर हौद आले, निर्माल्य कलश आले. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात घरच्या घरी विरघळवण्याची पद्धत दिली आणि महापालिकेने ती पावडर वाटली. आज घरच्या बादलीत विसर्जन करणाऱ्या कुटुंबाला शेजारी नावं ठेवत नाहीत.

पण साडी, तसबिरी आणि मूर्ती यांनी मुठा मेलेली नाही. तिला मारलं ते आपल्या न्हाणीघरातून आणि संडासातून रोज निघणाऱ्या पाण्याने. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठतं. शहर त्यातलं भरपूर उचलतं, वापरतं, आणि मैला मिसळून नदीत सोडतं. पावसाळा सोडला तर खडकवासल्याच्या खाली मुठेत धरणाचं पाणी जवळजवळ नसतंच, वाहतं ते आपलंच सांडपाणी. महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर होती आणि शहर त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. आहे ती केंद्रंही वीज गेली की थांबतात. मुख्य मलवाहिन्या उताराच्या सोयीसाठी पात्रातूनच नेलेल्या. त्यांचे चेंबर तुंबले की मैला केंद्रापर्यंत पोचायच्या आधीच नदीत उतरतो. २०१६ मध्ये जपानच्या ‘जायका’ या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या मदतीने ९९० कोटींचा करार झाला. त्यात ११ नवी केंद्रं आणि ३९६ दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता होती. कार्यकर्त्यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं, कारण मागणी तीच होती. मग वर्षामागून वर्ष निविदांमध्ये गेलं. बांधकामाला खरा वेग आला तो २०२२ नंतर. नदीला बसलेला सगळ्यात मोठा फटका मला हा उशीरच वाटतो. दर रविवारी हजार माणसांनी कचरा वेचला तरी तो भरून निघणारा नव्हता.

दरम्यान केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले निघाले. मुळा-मुठा त्यात होतीच.

२०१९ च्या सप्टेंबरात, २५ तारखेच्या रात्री आंबिल ओढ्याने कहर केला. कात्रजकडून आलेलं पाणी अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घुसलं. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढा हा नदीचाच हात आहे, त्याला नळीत कोंबून वर इमारत बांधली की तो आपली वाट परत मागतो, हे लोकांना त्या रात्री कळलं. नदीचळवळीत त्यानंतर ओढ्यांचे नकाशे आले. विकास आराखड्यातला ओढा आणि जमिनीवरचा ओढा शेजारी शेजारी ठेवून बघणारी तरुण मुलं आली. यातली बरीच संगणकावर काम करणारी होती. उपग्रहाची जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवून भराव कधी पडला हे ती तासाभरात दाखवायची.

म्हणून ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नदीकाठ सुधार योजनेचं भूमिपूजन झालं तेव्हा विरोध करणारे लोक तयारीचे होते. ४४ किलोमीटर काठ, सुमारे ४,७०० कोटी रुपये, अहमदाबादच्या साबरमतीवर काम केलेले आराखडाकार. तिथे नर्मदेचं पाणी आणून भरलेलं आहे. इथे भरायला पाणी कुठून आणणार, हा पहिला प्रश्न. काठाला भिंती आणि भराव आले तर पुराची पातळी किती चढेल, धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातून येणाऱ्या पाण्याचा हिशेब कुठे धरलाय, हा दुसरा. आणि मैलापाणी थांबायच्या आधी काठ सजवण्याची घाई कशाला, हा तिसरा. बंडगार्डनच्या बाजूला जुनी झाडं जायला लागली तसे २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर ‘चिपको’ म्हणत रस्त्यावर उतरले. त्यात एरवी मोर्चात न दिसणारी माणसं होती. आजी-आजोबा होते, शाळकरी मुलं होती.

योजना थांबली नाही. पण लोकांनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सव्वा वर्षात नदीनेच दिलं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले ते घरात पाणी शिरल्यावर. पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. त्या वेळी खडकवासल्यातून विसर्ग होता ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट) आसपास. मुठेची निळी रेषा आखलीय ६० हजार क्युसेकवर. निम्म्याहून थोड्या जास्त पाण्याला तळमजले बुडतात याचा अर्थ पात्र आक्रसलंय. राडारोडा, भराव, पूल, मेट्रोचे खांब, चौपाट्या, प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लंय. सूचना वेळेत मिळाली नाही ही तक्रार खरीच आहे, पण ती दुय्यम. भोंगा वाजून माणसं वाचतील, घरं बुडायची थांबणार नाहीत. म्हणून पूररेषा नव्याने मोजा, ही मागणी मला या काळातली सगळ्यात महत्त्वाची वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राम-मुळा संगमावर पुन्हा चिपको झालं, या वेळी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या मुळाकाठच्या कामाविरुद्ध. ज्या झाडांना लोकांनी मिठ्या मारल्या ती त्यांना ओळखीची होती. इतकी वर्षं दर आठवड्याला त्याच काठावर गेल्यामुळे कुठलं झाड कुठे, कुठला झरा कुठल्या खडकातून येतो, हे हरकतीच्या अर्जात लिहिता आलं. ‘पर्यावरणाची हानी होते’ असं मोघम वाक्य अधिकारी बाजूला सारू शकतो. अमुक झऱ्यावर तुमचा भराव पडतोय, हे बाजूला सारणं अवघड जातं.

हे सगळं घडलं ते विठ्ठलवाडी, डेक्कन, औंध, बंडगार्डनच्या आसपास. मुंढव्याच्या पुढे पुण्याची चळवळ क्वचितच गेली. तिथे जॅकवेलमधून शुद्ध केलेलं म्हणून जे पाणी उचलतात ते जुन्या कालव्यात पडतं आणि हवेली-दौंडच्या शेतांना मिळतं. त्याच्या खाली मांजरी, थेऊर आणि पुढे रांजणगाव सांडसपर्यंत, जिथे मुळा-मुठा भीमेला मिळते, आपलं सगळं पाणी गावांच्या दारातून जातं. थेऊरच्या चिंतामणीला पुण्याहून चतुर्थीला गर्दी होते. देवळामागे जलपर्णीने झाकलेली नदी तीच, पुण्यातून आलेली. पुढे उजनी, पुढे पंढरपूर. आषाढीला चंद्रभागेत बुडी मारणाऱ्याच्या वाट्याला पुण्याचा नाला येतो. पूररेषेचे नकाशे वाचायला शिकलेल्या लोकांनी आता पाणी तपासायचा संच घेऊन थेऊरच्या काठावर जावं. तिथल्या शेतकऱ्यांसोबत महिन्याला एकदा पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजावा, आणि तो आकडा महापालिकेच्या सभागृहात थेऊरच्याच माणसाने उभं राहून वाचावा. मैलाशुद्धीकरण केंद्रं खरंच चालतात की नाही याची तपासणी त्या गावांशिवाय कुणाला करता येणार नाही, कारण ती बंद पडली की सगळ्यात आधी कळतं ते त्यांनाच.