उन्हाच्या आधी बारा चौकोन

पहाटे ५. मे महिन्यात चंद्रपुरात अॅक्रिलिकचं काम करायचं तर वेळापत्रक ऊन ठरवतं. या रंगातलं पाणी उडालं की आतले प्लॅस्टिकचे कण एकमेकांना धरतात आणि रंग कायमचा बसतो. पुन्हा पाणी मारून तो सुटत नाही. पारा ४५ च्या वर गेला की दोन ओले रंग एकमेकांत मुरवायला धड मिनिटही मिळत नाही. म्हणून मुरवायचं ते सगळं नवाच्या आत.

मी गाजलेल्या चित्रांच्या प्रती करतो. आज समोर चित्रकार कांदिन्स्की आहे. जंगलाकडे, मोहर्लीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टला खोल्यांसाठी चित्रं हवीत. मालक पहिल्याच भेटीत म्हणाले, "वाघ नको. वाघ बाहेर आहेच." मला माणूस आवडला. त्यांनी निवडलं ते १९१३ चं चौकोन आणि वर्तुळांचं चित्र: बारा चौकोन, प्रत्येकात एकात एक रंगीत वर्तुळं. पडद्यांवर, कपांवर, उशांवर सगळीकडे दिसतं ते. मूळ चित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. ते कागदावर, मुख्यतः जलरंगात केलेलं आणि वहीच्या पानापेक्षा फारसं मोठं नाही. कांदिन्स्कीने ते रंगांचा अभ्यास म्हणून केलं होतं. कोणता रंग कोणाशेजारी कसा दिसतो, एवढं पाहायला.

मला ते चार फूट बाय तीन फूट करायचंय. हिशेब सोपा, एका चौकोनाला एक फूट. अवघड आहे ते वर्तुळ. कंपासने काढलं की चित्र मेलं. मूळ रेघ हातची आहे, ओली आहे, कडेला पसरलेली आहे. ती तशीच चौपट मोठी केली तर हात थरथरल्यासारखी दिसते. म्हणून चार इंची ब्रश घ्यायचा, भिंत रंगवायचा असतो तोच, मनगट धरून ठेवायचं आणि खांद्यातून हात फिरवायचा. हा हात मला झाडीपट्टीच्या पडद्यांनी दिला. दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. राजवाडा, जंगल, रस्ता असे पडदे सरस घातलेल्या भुकटीच्या रंगांत रंगवायचे. पुढे पाट्या रंगवल्या, ते काम छापील फ्लेक्सने खाल्लं. आता फ्लेक्सवालाही चौरस फुटावर भाव सांगतो आणि मीही.

सकाळी ९. तर्री-पोहे. बाकी काही नाही.

१०. नवे कॅनव्हास ताणणे. चौकटी पाइनच्या, नागपूरहून येतात. आमच्या जंगलाचं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, पण माझ्या चौकटीला ते परवडत नाही. वर जेसो या पांढऱ्या अस्तराचे दोन हात, मध्ये घासकागद. आता ऊन कामाचं. एक हात चहा होईस्तोवर वाळतो.

दुपारी १२ ते ४. दार बंद, कूलर चालू. कूलरची ओल रंगालाही हवी असते, तेवढा तो उशिरा वाळतो. या वेळात चौकोनांच्या कडा आणि सपाट पट्ट्या. रंग आधी कागदावर लावून वाळू द्यायचा, कारण अॅक्रिलिक ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. ओल्या रंगावर विश्वास ठेवून छटा जुळवणारा फसलाच म्हणून समजा. आणि अमूर्ताची नक्कल सोपी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एकदा करून बघावं. झाडाचं एक पान चुकलं तर झाड राहतं. इथे एक निळा चुकला की शेजारचे सगळे रंग बिघडतात.

४ वाजता गिऱ्हाईक. मोबाइलवर चित्रकार रझांचं 'बिंदू' चित्र. "सोफा मरून आहे, त्याला जाईल. करून द्याल ना भाऊ?"

"रझांचं नाही करत जी."

"काहून?"

सांगावं लागतं. रझा २०१६ मध्ये गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या पश्चात साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७६ पर्यंत. गायतोंडे २००१ मध्ये गेले, ते २०६१ पर्यंत. कांदिन्स्की १९४४ मध्ये गेला, पॉल क्ले १९४० मध्ये, ते मोकळे. शिवाय रझा काही परके नव्हेत. वडील मंडल्याकडे वनखात्यात, चित्रकलेचं पहिलं शिक्षण नागपुरात. गायतोंड्यांचा जन्म नागपूरचा, पळशीकरांचा साकोलीचा. 'हे मॉडर्न आपल्याकडचं नाही' म्हणणाऱ्यांना मी ही तीन नावं ऐकवतो. गिऱ्हाईक क्लेवर राजी झालं. सगळी होत नाहीत. काही फ्लेक्सवाल्याकडे जाऊन बिंदू छापून घेतात.

६. याच कामातला आधीचा कॅनव्हास 'छोटा हत्ती' टेम्पोत घालून मोहर्लीकडे. टांगताना तिथल्या पोराने विचारलं, "उलटं त नाही ना टांगलं जी?" हसण्यासारखा प्रश्न नाही. खुद्द कांदिन्स्कीने लिहून ठेवलंय की, एका संध्याकाळी स्टुडिओत आडवं ठेवलेलं स्वतःचंच चित्र त्याला ओळखू आलं नाही, आणि वस्तूंविना चित्र होऊ शकतं हे त्याला तिथे पटलं. पोराला म्हटलं, उलटं टांगून बघ. त्याने बघितलं आणि पुन्हा सरळ केलं. "असंच बरं दिसते."

रात्री ९. वॉर्निश. दिवसा करता येत नाही. इथल्या खाणींच्या कोळशाची धूळ ओल्या वॉर्निशवर बसली की निघत नाही. खिडक्या लावायच्या, पंखा बंद, कॅनव्हास आडवा, ब्रश एकदाच फिरवायचा. घाम थेंबाने पडू नये म्हणून डोक्याला दुपट्टा.

शेवटी मागच्या बाजूला लिहायचं: मूळ चित्रकार कोण, साल कोणतं, ही प्रत कोणाच्या हातची. पुढे सही नाही, ना त्याची ना माझी. घरासाठी असं चित्र घ्याल तेव्हा आधी ते उलटं करून मागे बघा. कोरं असेल तर दुकानदाराला विचारा, आणि सांगता आलं नाही तर घेऊ नका.