पाराकासचा किनारा : वाळूने राखलेला ठेवा आणि समुद्राने दिलेले अन्न

भूगोलाच्या तासाला वाळवंट हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे राजस्थानचा थरचा प्रदेश उभा राहतो. समुद्र ज्याच्या पायाशी आहे आणि तरीही ज्यावर पाऊस पडत नाही, असे वाळवंट असू शकते ही गोष्ट त्यांना सहसा खरी वाटत नाही. असा एक प्रदेश दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात आहे. तेथे पूर्वी नांदून गेलेली संस्कृती व आज राखून ठेवलेले निसर्गक्षेत्र यांची माहिती एकत्र दिल्यास भूगोल, इतिहास व सृष्टिविज्ञान या तिन्ही विषयांचा मेळ एकाच पाठात घालता येतो. यास्तव ती येथे थोडक्यात दिली आहे.

स्थान व हवामान

पेरूची राजधानी लिमा हिच्या दक्षिणेस सुमारे २५० किलोमीटरांवर पाराकास नावाचे द्वीपकल्प पॅसिफिक महासागरात शिरलेले आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १४ अंशांवर येते. गोव्याचा किनारा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १५ अंशांवर आहे. म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर जवळजवळ सारखेच. तथापि गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पाराकास येथे कित्येक वर्षे जमीन भिजतदेखील नाही. तेथील मूळच्या भाषेत पाराकास या नावाचा अर्थ ‘वाळूचा पाऊस’ असा सांगतात. दुपारनंतर सुटणारा सोसाट्याचा वारा वाळू उडवीत येतो, त्यालाही हेच नाव आहे.

या कोरडेपणाचे एक कारण समुद्रातच आहे. दक्षिणेकडून हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो. त्याच्या सान्निध्याने खालची हवा थंड राहते. थंड हवा जड असल्याने वर चढत नाही. हवा वर चढली नाही तर पाऊस देणारे ढग बनत नाहीत. फार तर धुके पडते. दुसरे कारण पूर्वेस उभा असलेला अँडीज पर्वत होय. पलीकडच्या ॲमेझॉनच्या अरण्यातून येणारी बाष्पयुक्त हवा तो अडवून धरतो.

जो प्रवाह भूमीला पाऊस मिळू देत नाही, तोच समुद्राला समृद्ध करतो. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरचे पाणी समुद्राच्या आत लोटले जाते व त्याच्या जागी तळाचे थंड पाणी वर येते. त्या पाण्यात क्षार विपुल असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या खाऊन लहान मासे वाढतात आणि त्या माशांवर पक्षी व सीलसारखे प्राणी जगतात.

वाळूखालील गाठोडी

इ. स. पू. सुमारे ८०० पासून इसवी सनाच्या आरंभापर्यंत या भागात एक प्रगत समाज राहत होता. त्याला लिपी अवगत नव्हती. त्याची ओळख जगाला करून दिली ती हुलिओ सेसार तेयो (१८८०–१९४७) या पेरूच्या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने. तेयो हे मूळ रहिवासी समाजात जन्मलेले व वैद्यकाचे पदवीधर होते. १९२५ पासून त्यांनी पाराकास येथे शोधकार्य आरंभिले. १९२७ साली वारी कायान या ठिकाणी वाळूखाली त्यांना एक दफनभूमी आढळली व तेथून ४२९ गाठोडी निघाली. प्रत्येक गाठोड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसविलेला एक मृतदेह होता. त्याभोवती सुती कापडाचे थर गुंडाळलेले होते. मोठ्या गाठोड्यांत त्या थरांमध्ये भरतकाम केलेली वस्त्रे घडी घालून ठेवलेली आढळली.

ही वस्त्रे हीच या संस्कृतीची कीर्ती होय. सूत कापसाचे आणि भरतकामाचा धागा बहुधा लामा-अल्पाका वर्गातील प्राण्यांच्या लोकरीचा. हे प्राणी उंच डोंगरांतले. यावरून किनाऱ्यावरील लोकांचा डोंगराळ मुलखाशी देवघेवीचा संबंध होता हे उघड आहे. निळा रंग निळीचा आणि लाल रंग आपल्याकडील मंजिष्ठेच्या कुलातील एका वनस्पतीच्या मुळांचा. पक्षी, मार्जारवर्गीय प्राणी व हवेत तरंगणाऱ्या मनुष्याकृती त्यांवर भरलेल्या असून तीच आकृती पुन्हा पुन्हा काढताना रंगांचा क्रम मात्र बदललेला दिसतो. दोन हजार वर्षे लोटली तरी ते रंग पुष्कळसे टिकून आहेत. ओल नसल्यामुळे कापड कुजले नाही, इतकेच याचे रहस्य आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कापसाची लागवड भारतीय उपखंडात व दक्षिण अमेरिकेत परस्परांना ठाऊक नसताना, निरनिराळ्या जातींच्या कापसापासून स्वतंत्रपणे सुरू झाली. उलटपक्षी मका, भुईमूग, रताळी व मिरची ही आपल्या नित्याच्या परिचयाची पिके मूळची अमेरिका खंडातली असून मागाहून आपल्याकडे आली.

पाराकास येथील काही कवट्या लांबट आढळतात. बालपणी डोके पट्ट्यांनी बांधून त्यास तसा आकार देण्याची तेथे प्रथा होती. काही कवट्यांना छिद्रे पाडलेली असून त्यांच्या कडा पुन्हा भरून आलेल्या दिसतात. अर्थात शस्त्रक्रियेनंतर तो मनुष्य जगला होता. या लांबट कवट्या परग्रहावरील प्राण्यांच्या आहेत अशी भाकडकथा आजकाल पसरविली जाते. विद्यार्थ्यांनी ती विचारल्यास हसून सोडून न देता खरे कारण समजावून सांगावे.

ठेव्याची हानी व रक्षण

वाळूने दोन हजार वर्षे जे राखले, ते माणसाने थोड्याच वर्षांत विस्कटले. १९३० साली पेरूमध्ये राज्यक्रांती झाली व तेयो यांचा संग्रहालयाचा अधिकार गेला. पहारा ढिला पडताच थडगी खणून वस्त्रे चोरणाऱ्यांचे फावले. त्या सुमारास चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेलेली बरीच वस्त्रे स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराच्या संग्रहालयात पोहोचली. दीर्घ वाटाघाटींनंतर त्यांपैकी पहिली ४ वस्त्रे २०१४ साली पेरूला परत मिळाली. चोरांनी उपसलेल्या थडग्यांतून कोणती वस्तू कोणाजवळ, कशाच्या शेजारी ठेवलेली होती, ही माहिती मात्र कायमची नष्ट झाली. वस्तू परत आणता येते. तिचा संदर्भ परत आणता येत नाही.

समुद्राच्या संपत्तीचेही तसेच झाले. जवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे प्रचंड थर साठले होते. त्या खतास ग्वानो म्हणतात. १८४० नंतर ते खणून जहाजांनी युरोपात नेण्यात आले आणि शतकानुशतकांचा साठा काही दशकांत संपुष्टात आला. त्यानंतर पक्षी राखले तरच खत मिळेल हे पेरूच्या शासनास उमगले.

या अनुभवातूनच पुढे २५ सप्टेंबर १९७५ रोजी पाराकास राष्ट्रीय राखीव क्षेत्र स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ ३,३५,००० हेक्टर, म्हणजे बृहन्मुंबईच्या पाचपटीहून अधिक आहे. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भाग समुद्राचा आहे. हम्बोल्ट पेंग्विन, पाणकावळे, पाणकोळी, रोहित पक्षी व समुद्रसिंह तेथे आढळतात. उत्तर अमेरिकेतून स्थलांतर करणारे पक्षीही तेथे उतरतात. प्राचीन अवशेषांची स्थळेही याच क्षेत्रात येतात. स्थानिक कोळ्यांना नियमांच्या मर्यादेत मासेमारी करता येते. कारण माणसाला हुसकावून निसर्ग राखणे हा या क्षेत्राचा हेतू नाही.

तरीही धोका सरलेला नाही. एल निनोच्या वर्षी पाणी उबदार होते, मासे दूर वा खोल जातात व पक्षी उपासमारीने मरतात. १५ ऑगस्ट २००७ च्या भूकंपात तेथील ‘कॅथेड्रल’ नावाची सुप्रसिद्ध खडकाची कमान कोसळली. २०२२ च्या अखेरीस आलेल्या पक्षिज्वराच्या साथीत पेरूच्या किनाऱ्यावर समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले.

शिक्षकांस सूचना

पाठाच्या आरंभी गोलावर गोवा व पाराकास ही दोन्ही स्थाने दाखवावीत आणि पाऊस एकीकडे इतका अन् दुसरीकडे जवळजवळ नाही असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. ओल्या व कोरड्या वाळूत सुती चिंधी पुरून महिन्याने उकरून पाहण्याचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. शेवटी आपल्या गावातील जुने मंदिर, वीरगळ, तळे वा देवराई यांची यादी मुलांकडून करवून घ्यावी व प्रत्येकापुढे तिची आज कोण काळजी घेतो हे लिहावयास सांगावे. जेथे रकाना रिकामा राहील, तेथेच आपले खरे काम आहे.